जोड कोण लावतो?

यंदाच्या यात्रेच्या दिवसांत सीमाभागातल्या खानापूरकडच्या एका गावात कुस्त्या बघायला गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं ते आमच्या पट्ट्यात कुठेही होऊ शकतं. वेशीवर भलामोठा डिजिटल फलक लावला होता. वर देव, त्याखाली हात जोडलेले पुढारी, आणि मग कुस्तीच्या जोड्या. एक नंबरला कोल्हापूर भागातून बोलावलेला नावाजलेला मल्ल, समोर हरियाणाचा पाहुणा. शेजारच्याच गावातला एक पोरगा आहे, अलीकडच्या हंगामात त्यानं या भागातल्या बहुतेक सगळ्या पैलवानांना अस्मान दाखवलं आहे. तो सहाव्या ओळीत होता, फोटोशिवाय. त्याची कुस्ती उन्हातच लागली. हलगीवाले अजून हलग्या शेकत बसले होते. त्यानं पटाला हात घालून समोरच्याला खाली खेचलं, मागे गेला, घिस्सा मारला आणि उताणा केला. टाळ्या पडल्या, कुणी शंभराची नोट हातात दिली, कुणी पन्नासाची, आणि लोक पुन्हा बसायला सावली शोधू लागले. एक नंबरची कुस्ती रात्री दिव्यांच्या झोतात लागली. मानेवर हात, कपाळाला कपाळ, रेटारेटी, पुन्हा मानेवर हात. बराच वेळ हेच चाललं आणि शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली.

परतताना चहाच्या गाड्यावर त्या पोराचे वस्ताद भेटले. मी काही विचारायच्या आधी तेच बोलायला लागले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "जिंकला असता असं मी म्हणत नाही. पडलाही असता. पण पडू तरी द्यायचं होतं की त्याला. मोठ्यासमोर उभंच करीनात, तर पोरगं करणार काय?"

हे "पडू तरी द्यायचं होतं" माझ्या डोक्यातून जाईना.

जोड लावणं, म्हणजे कुणासमोर कोण लढणार ते ठरवणं, मी लहानपणी फार जवळून बघितलं आहे. माझे थोरले काका आमच्या गावच्या यात्रा कमिटीत होते. देवळाच्या ओवरीत रात्री बैठक बसायची. मध्ये पानाचं तबक, काकांच्या मांडीवर लाल बांधणीची वही, आणि वहीत उभ्या रेघा मारून एकीकडे वर्गणी, दुसरीकडे खर्च. कोण पैलवान येणार, किती घेणार, त्याच्यासमोर कोण, यावर मध्यरात्र उलटायची. बाहेर मैदानात तांबडी माती चाळून ठेवलेली असे. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर कालवायचे. तो आंबूस वास हवेबरोबर ओवरीपर्यंत यायचा. काका कुस्तीचे खरे शौकीन. कुठल्या पोराच्या अंगात काय आहे हे त्यांना एका नजरेत कळायचं. पण वही उघडली की ते वेगळेच व्हायचे. एकदा एका गावकऱ्यानं भांडण काढलं, आपल्या पोराला वरची जोड का नाही म्हणून. काका शांतपणे म्हणाले, "नाव नसेल तर माणूस येत नाही. माणूस नसेल तर पैसा नाही. पैसा नसेल तर रेवडीवरच्या पोराला रेवडीसुद्धा नाही." रेवडीवरची म्हणजे लहान पोरांची कुस्ती, बक्षीस रेवडीचं. त्या माणसाला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला अजूनही काकांचं म्हणणं खोडता येत नाही.

पण त्याच मैदानात दुसरीही एक रीत होती. मोठ्या जोड्या ओवरीत ठरायच्या; बाकीच्या मातीवरच लागायच्या. एखादा पैलवान लांग कसून उभा राहायचा, हात वर करून चारी बाजूंनी फिरायचा. आहे का कुणी जोडीला? गर्दीतून एखादा शर्ट काढत उठायचा. पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करत, दंड बघत, मांड्या बघत. जोड जमत नसेल तर लोकच ओरडत. नाही जमत, उतरवा त्याला! अन्याय तिथेही व्हायचा, पण चार हजार माणसांदेखत व्हायचा. ज्याला नाकारलं त्याला आणि गावाला दोघांनाही का नाकारलं ते कळायचं.

माझा भाचा बेळगावात कॉलेजला आहे. त्याला कुस्तीपेक्षा बॉक्सिंगचं वेड. परवा मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामा, बघ की हे." २०२५ च्या जुलैत डब्ल्यूबीए या बॉक्सिंगच्या संस्थेनं क्रूझरवेट या वजनगटाच्या क्रमवारीत जेक पॉलला चौदावा क्रमांक दिला होता, ती जुनी बातमी. यूट्यूबवर नाव कमावलेला माणूस. नुकताच त्यानं उतरणीला लागलेल्या ज्युलिओ सेझार चावेझ ज्युनिअरला गुणांवर हरवलं होतं, त्यावर हा क्रमांक. पहिल्या पंधरात आलं की जगज्जेत्याला त्याच्याशी पट्ट्यासाठी, म्हणजे जगज्जेतेपदासाठी, लढता येतं. भाच्याचा प्रश्न साधा होता. आयुष्यभर छोट्या हॉलमध्ये मार खात आणि देत वर चढलेले पन्नास जण असतील. त्यांच्या आधी हा कसा?

कसा, ते समजायला अवघड नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेता ठरवणाऱ्या संस्था चार. डब्ल्यूबीए सगळ्यांत जुनी, डब्ल्यूबीसी १९६३ ची, आयबीएफ १९८३ ची, डब्ल्यूबीओ १९८८ ची. प्रत्येकीची यादी वेगळी, प्रत्येकीचा पट्टा वेगळा. आणि पट्ट्याची लढत झाली की बॉक्सरच्या मानधनातून साधारण तीन टक्के त्या संस्थेला जातात. म्हणजे यादी करणाराचं पोट लढतीच्या गल्ल्यावर. नाव मोठं तर गल्ला मोठा, गल्ला मोठा तर तीन टक्के मोठे. अशा यादीत लोकप्रिय माणूस वर सरकतो, त्याला कुणी लबाडी करावीच लागते असं नाही. लबाडीही झाली, हेही खरं. आयबीएफचे पहिले अध्यक्ष बॉब ली यांच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा खटला अमेरिकेत चालला. काही आरोपांतून ते सुटले, पण २००० मध्ये मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत दोषी ठरले. त्याच सुमाराला डब्ल्यूबीओच्या यादीत डॅरिन मॉरिस हा बॉक्सर सातव्यावरून पाचव्यावर चढला. तो त्याआधीच वारला होता. ज्या यादीसाठी पोरं रक्त ओकतात, तिच्यात मेलेला माणूस दोन पायऱ्या वर जातो! हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

यावर उपाय म्हणून हक्काचा आव्हानवीर नावाची सोय आहे. ठरलेल्या मुदतीत जगज्जेत्यानं त्याच्याशी लढलंच पाहिजे, नाहीतर पट्टा सोडावा. कागदावर चांगली सोय. पण १९९२ च्या डिसेंबरात जगज्जेत्या रिडिक बोनं लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. हक्काचा आव्हानवीर लेनॉक्स लुईस याच्याशी लढण्यापेक्षा तेच बरं वाटलं. चार वर्षांनी माइक टायसनकडून तोच हक्क लुईसला येणं होता. तेव्हा टायसनला आधी ब्रूस सेल्डनशी लढू द्यावं म्हणून लुईसला बाजूला थांबायचे चाळीस लाख डॉलर मिळाले. लुईसला मी दोष देत नाही. पुढे तो निर्विवाद विजेता झालाच. पण हक्क विकत घेता येतो, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

आणि जुन्या काळी तर हक्क विकत घेणाराच बॉक्सर असायचा. आर्ची मूर हे नाव माझ्या मनात फार खोल बसलंय. मधल्या वजनांतला हा माणूस वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर राहिला. जगज्जेते बदलत गेले, त्याला कुणी जवळ करेना. १९५२ च्या १७ डिसेंबरला सेंट लुईसमध्ये जगज्जेत्या जोई मॅक्सिमशी त्याची लढत अखेर लागली, तीही मॅक्सिमला एक लाख डॉलरची हमी दिल्यावर. मूरच्या वाट्याला आले ८०० डॉलर. त्याच्या स्वतःच्या हिशोबानं वय छत्तीस, आईच्या हिशोबानं एकोणचाळीस. आमच्याकडे एकोणचाळिसाव्या वर्षी पैलवान वस्ताद झालेला असतो, कोपऱ्यात धोतर नेसून बसलेला असतो. मूर जिंकला, आणि पुढे जवळपास दहा वर्षं जगज्जेता म्हणून राहिला. ती दहा वर्षं बघितली की आधीच्या दहांचा हिशोब मागावासा वाटतो. कुणाकडे मागायचा?

जेक लामोटाचं प्रकरण याहून कडू. त्याला पट्ट्याची लढत हवी होती, आणि त्या काळी चाव्या गुंडांच्या हातात होत्या. १९४७ च्या नोव्हेंबरात तो बिली फॉक्सशी मुद्दाम हरला. १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्यानं हे स्वतः कबूल केलं. वर वीस हजार डॉलरही मोजले होते. १९४९ मध्ये मार्सेल सेर्दाँला हरवून तो जगज्जेता झाला. आता सांगा, त्यानं ती संधी कमावली की विकत घेतली? मुठी खऱ्या होत्या, समोरचा सेर्दाँ खरा होता, जिंकणं खरं होतं. दारात शिरायची किंमत मात्र त्यानं हरून दिली. माझ्या मनात लामोटाबद्दल चीड आणि कणव एकाच वेळी येते, आणि दोन्हींतली एकही कमी होत नाही.

रंगाची गोष्ट तर सगळ्यांत जुनी. काळा बॉक्सर जॅक जॉन्सन गोऱ्या जगज्जेत्या टॉमी बर्न्सच्या मागे इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. १९०८ च्या २६ डिसेंबरला सिडनीत लढत झाली, कारण लढती भरवणाऱ्या ह्यू मॅकिंटॉश या प्रवर्तकानं बर्न्सला तीस हजार डॉलर कबूल केले. जॉन्सनला पाच हजार. म्हणजे काळ्या माणसाला बंद असलेलं दार उघडलं ते कुणाच्या सद्‌बुद्धीनं उघडलं नाही, गल्ल्यानं उघडलं. पैशाला सरसकट शिव्या घालताना हे मी विसरू शकत नाही. पण पुढचं ऐका. जगज्जेता झाल्यावर त्याच जॉन्सननं सॅम लँगफर्ड, ज्यो जेनेट, सॅम मॅकव्हे या काळ्या बॉक्सरांना संधी दिली नाही. १९१३ ची पॅरिसमधली बॅटलिंग जिम जॉन्सनशी झालेली एक लढत सोडली, तर त्याच्या पट्ट्यासमोर काळा माणूस उभा राहिला नाही. गोऱ्या आव्हानवीरांशी लढण्यात पैसा जास्त होता. बाहेर ताटकळलेला माणूस आत गेला आणि त्यानंही कडी लावली. आणि १९१९ ते १९२६ जॅक डेम्प्सी जगज्जेता असताना हॅरी विल्स हा काळा आव्हानवीर बाहेर उभाच राहिला. करार झाले, बातम्या आल्या, लढत काही झाली नाही.

आपल्या गामा पैलवानाचंही असंच काहीसं. १९१० मध्ये लंडनला गेला, तर स्पर्धेत घेईनात. उंची कमी, नाव अनोळखी. त्यानं उघड आव्हान टाकलं, अमेरिकेचा डॉक्टर रोलर चालून आला, त्याला गामानं चितपट केलं. तेव्हा कुठे १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशी जोड लागली. अडीच तासांहून जास्त वेळ चालली, बरोबरीत सुटली, आणि आठवड्यानं ठरलेल्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही. काकांचा हा आवडता किस्सा. सांगताना ते उठून उभे राहायचे. ओवरीत वही घेऊन बसणारे काका आणि गामासाठी छाती फुगवणारे काका, दोन्ही एकाच माणसात कसे मावत असतील, हे मला तेव्हा कळत नसे.

आता दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण ती माझ्या पोटातली आहे. १९७५ मध्ये महंमद अलीसमोर चक वेपनरला उभं केलं. दिवसा दारूच्या बाटल्यांची विक्री करणारा, छत्तीस वर्षांचा, भुवया शिवून शिवून जाड झालेला. यादीत त्याचं नाव होतं, पण तो गोरा होता आणि गोऱ्या आव्हानवीराची तिकिटं खपतात, हा हिशोब त्यामागे होताच. तो माणूस पंधराव्या फेरीपर्यंत उभा राहिला. संपायला एकोणीस सेकंद उरले असताना लढत थांबली. नवव्या फेरीत अली खाली गेला होता, पायावर पाय पडल्यानं असेल किंवा ठोशानं. हिशोबानं मिळालेली संधी त्यानं अंगावर घेतली. २०१९ मध्ये जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत सापडला म्हणून अँथनी जोशुआसमोरची जागा रिकामी झाली. अँडी रुईझनं जोशुआच्या प्रवर्तकाला स्वतः मेसेज पाठवून ती मागून घेतली, आणि न्यूयॉर्कमध्ये सातव्या फेरीत जोशुआला संपवलं. कुणी कृपेनं आत येतो, कुणी नशिबानं, कुणी रांगेतून. रिंगमध्ये शिरल्यावर मात्र कृपा उपयोगी पडत नाही. म्हणून ज्याला संधी मिळाली त्याच्यावर माझा राग नाही.

आपल्या बॉक्सर विजेंदर सिंगचंच बघा. २०१६ च्या जुलैत दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये त्यानं केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक पट्टा जिंकला. व्यावसायिक म्हणून ती त्याची अवघी सातवी लढत. सातव्याच लढतीत पट्टा? मनात आलं होतं. भारताची बाजारपेठ होती, चेहरा होता, म्हणून मिळाला. पण बीजिंग ऑलिंपिकचं कांस्यपदक कुणी विकत दिलं नव्हतं. ती मेहनत हौशी बॉक्सिंगमध्ये झाली आणि मोबदला व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मिळाला. त्या रात्री आमच्या घरात टीव्हीपुढे आरडाओरडा चालला होता आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मग सलतं काय? उभं राहायची संधीच न मिळालेला माणूस. त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही. आमच्या सीमाभागातल्या पोरांकडे बघताना हे जास्त जाणवतं. तालीम गंगावेस नाहीतर मोतीबागेत, जेवणाचा डबा कोल्हापुरात, आणि निवड चाचणीला उतरायचं ते कर्नाटकाकडून. तिकडे तो कर्नाटकातला, इकडे कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला. फलकावर नाव आल्यावर गाड्या भरून माणसं आणणारं आपलं असं गाव त्याच्या पाठीशी दोन्हीकडे कमीच. बॉक्सिंगमध्ये गियेर्मो रिगोंदोचं असंच झालं. क्यूबा सोडून आलेला, दोन ऑलिंपिक सुवर्णं गळ्यात. २०१३ मध्ये त्यानं नोनितो डोनेअरला न्यूयॉर्कमध्ये गुणांवर धडधडीत हरवलं, आणि त्यानंतर मोठ्या लढती त्याच्यापासून लांबच पळाल्या. टीव्हीवाल्यांना तो कंटाळवाणा वाटला. मार न खाता मारणं ही या खेळातली सगळ्यांत अवघड विद्या, आणि तीच त्याला नडली.

मला वाटतं, एक नंबरची जोड नावावर लागते त्याला इलाज नाही. काकांची वही खोटी नव्हती. पण त्याच मैदानात एक जोड तरी अशी हवी, जी मातीवर ठरेल. खालच्या कुस्त्या जो मारेल तो वर येईल, हे आधी फलकावर लिहिलेलं असेल, आणि कमिटीला मग ते बदलता येणार नाही. बॉक्सिंगलाही माझं मागणं एवढंच. बाकीच्या लढती खुशाल विका.

निखत झरीननं हेच मागितलं होतं. २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी ५१ किलोत मेरी कोमला थेट पाठवायचं घाटत होतं. सहा वेळची जगज्जेती, लंडनचं कांस्य, देशाचं दैवत. तिची चाचणी घ्यायची कशाला, असं पुष्कळांना वाटत होतं. मलाही मेरीबद्दल अपार आदर आहे. निखतनं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं, मला लढायची संधी द्या. केवढी टीका झाली त्या पोरीवर! मोठ्या माणसाचा मान ठेवत नाही म्हणून. शेवटी डिसेंबरात दिल्लीत चाचणी झाली. मेरीनं ९-१ असा निकाल लावला, हातसुद्धा मिळवला नाही. निखत हरली, स्पष्ट हरली. पण त्या दिवसानंतर मेरी पात्रता स्पर्धेला गेली ती लढून गेली, आणि निखतला आपण किती मागे आहोत ते अंगावरच्या ठोशांनी कळलं. अंदाजात वर्षं घालवावी लागली नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात इस्तंबूलला ती ५२ किलोत जगज्जेती झाली, पुढच्या वर्षी दिल्लीत ५० किलोत पुन्हा. हॅरी विल्सच्या नावापुढे डेम्प्सीकडून झालेली हारसुद्धा लिहिलेली नाही. निखतच्या नावापुढे मेरीकडून झालेली ती हार आहे, आणि ती तिनं भांडून मिळवली होती.